पट्ट्याची रांगोळी

एकदा एका नव्या बापाची गाडी ऐन जायच्या दिवशी दारात रुसली. बापाचं नाव शिदू. सव्वा महिन्याची लेक आणि बायको घाटापलीकडे सासुरवाडीला. त्यानं सगळ्यांसमोर सांगून ठेवलेलं, माझी लेक माझ्याच गाडीतनं घरी येणार, दिवस मावळायच्या आत. सासरा मिशीत हसून म्हणाला होता, "नाहीतर आमची जीप आहेच." ते 'आहेच' शिदूला फार लागलेलं.

गाडीचा अल्टरनेटर गेला होता. गाडी पळताना बॅटरी भरत ठेवणारा तो. तो गेला की बॅटरी थोडा वेळ संसार ओढते आणि मग हात वर करते. शिदूनं नवा अल्टरनेटर आणला, बॅटरी चार्ज करून घेतली, पण गावातला मेकॅनिक लग्नाला गेलेला. उरली गल्लीची सगुणाआत्या. नवऱ्याच्या गॅरेजात तिचे केस पांढरे झालेले. गाडीचा खोकला ऐकून ती दुखणं सांगायची. शिदू तिला गुरू मानायचा आणि ती त्याला गाढव मानायची, पण मायेनं.

गाडी ढकलत तिच्या अंगणात आणली.

"आत्या, तूच बसव."

"मी खुर्चीत बसते. हात तुझे, तोंड माझं."

पहिल्यांदा बॅटरीची काळी वायर सोडायला लावली. मग ती उठली, रांगोळीचा डबा आणला आणि इंजिनात वाकून बघत बघत गाडीशेजारी जमिनीवर पुल्यांचे, म्हणजे इंजिनातला पट्टा ज्यांवरनं फिरतो त्या चाकांचे, गोल काढले. कोणत्या गोलावरनं पट्टा कसा फिरतो, ते एका रेघेत ओढलं.

"आत्या, दिवाळी लांब आहे अजून."

"पट्टा काढ, मग कळेल दिवाळी का शिमगा."

पट्टा काढला आणि तो सापाच्या कातीसारखा गळून पडला. कुठून कुठं जात होता, काही उमगेना. शिदूनं त्या रांगोळीला मनातनं हात जोडले. जुना अल्टरनेटर उतरला, नवा चढला, बोल्ट आवळले, वायरी जोडल्या. पट्टा घालण्याआधी हातांचं ग्रीस धुवायला तो परसात गेला.

परत येतो तर रांगोळीच्या जागी कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलेलं, आणि आत्या मांडीवर मटार घेऊन सोलत बसलेली.

"रांगोळी कुठाय?"

"कोंबडीनं विस्कटली. म्हणून तिलाच झाकून ठेवली. हात लावू नको, चिडलीय, डोळा फोडेल."

"मग परत काढ की."

"विसरले रे."

शिदू बघतच राहिला. स्वतःच्या लग्नात कुणी दोनदा जिलबी घेतली ते आत्याला अजून पाठ होतं, आणि ही विसरली? ऊन माथ्यावरनं कललं होतं. डोळ्यापुढं सासऱ्याची जीप धूळ उडवत आली. राग आला, पण गुरूवर काढायचा कसा? त्यानं दोनदा विनवलं. आत्यानं एक दाणा तोंडात टाकला.

शेवटी तो पट्टा हातात घेऊन इंजिनासमोर उकिडवा बसला आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यानं इंजिनाकडं नीट बघितलं. पट्ट्याची एक बाजू खाचांची, एक गुळगुळीत. पुल्याही तशाच, बऱ्याचशा खाचांच्या, एक गुळगुळीत. "खाचेला खाच, पाठीला पाठ," तो पुटपुटला आणि पट्टा ओवायला लागला. झाला म्हणून मागं सरकला, तर पट्टा ढिला.

आत्या मटारांना म्हणाली, "पंगतीत कुणीतरी जेवायचं राहिलंय बाई."

एक पुली मोकळीच होती. त्यानं पट्टा काढून पुन्हा ओवला. पान्यानं ताण दिला, तसा तो अंगासरशी बसला. काळी वायर जोडून चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि बॅटरीचा लाल दिवा विझला.

मग आत्यानं डालं उचललं. खाली कोंबडी नव्हतीच, ती कुंपणावर चोचीनं पिसं साफ करत बसली होती. रांगोळी जशीच्या तशी. शिदूनं इंजिनाशी ताडून बघितली. रेघ न् रेघ तीच.

"होती तर दाखवली का नाहीस? माझा जीव टांगणीला लागला होता."

"घाटात पट्टा सुटला आणि मांडीवर लेकरू असलं, तर तिथं रांगोळी कोण घालणार? मघापासनं तू जमिनीकडं बघत होतास, गाडीकडं नव्हे. म्हणून झाकली."

"मग पुसूनच का नाही टाकलीस?"

"आणि तुझं डोकं चाललंच नसतं तर? तुला शिकवायला मी तुझ्या लेकीला ताटकळत ठेवू होय? ऊन त्या पेरूच्या झाडापर्यंत आलं असतं, की डालं उचलणारच होते. जा आता, गाढवा."

त्या दिवशी सासऱ्याची जीप दारातनं हलली नाही.

पुढं लेक चालायला लागली. शिदू अंगणात तिचं बोट सोडायचा, पण दुसरा हात तिच्या पाठीमागं तसाच धरून ठेवायचा, तिला दिसणार नाही असा.

आत्या खुर्चीतनं बघायची आणि म्हणायची, "डालं बरोबर धरलंस."