डोंगराने धरलेली गुळणी

एक होतं नगर. त्याच्या उशाशी होता एक म्हातारा डोंगर. तो काय करायचा, तर अख्खी नदी तोंडात गुळणी धरून बसायचा! गाल असे टम्म. मग वर्षातून एकदा सगळे त्याच्यापुढे जमायचे, कुणीतरी भाषण करायचं. डोंगरानं खूश होऊन तोंड उघडलं, की नदी सुटली खळाळत.

पण एका वर्षी काय झालं, डोंगर तोंडच उघडेना. विहिरी आटल्या. म्हशींना बसायला चिखल उरला नाही, बरं का! राजा म्हणाला, "आज दिवस मावळेपर्यंत पाणी आलं नाही, तर गाड्या जुंपायच्या नि नगर सोडायचं."

राजाची राणी होती केवडाराणी. कडेवर लहानगं पोर. पोराला घेऊन परमुलखात कुठं जायचं गं बाई, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला.

मग सगळे डोंगरापुढे जमले. आधी उठले सेनापती. असे गरजले, असे गरजले, की झाडावरचे कावळे उडाले. डोंगरानं दोन्ही कानांवर ढग ओढून घेतले.

मग उठले राजगुरू. डोंगराकडे पाठ, राजाकडे तोंड. "महाराज, महाराणी, प्रधानजी, सेनापती, इथे जमलेले थोर मानकरी..." मान देता देता ऊन कलंडलं. डोंगर लागला नाकानं घोरायला.

मग सासूबाईंनी राणीला कोपरानं ढोसलं. "ऊठ, तू बोल आता. पाठ केलंयस ना सगळं?"

राणी उठली. पाठ केलेलं सगळं भुर्रकन उडालं. मागून कुणीतरी फिसकन हसलं, "राणीसाहेबांची दातखीळ बसली!"

सगळं कसं चिडीचूप झालं. हे एवढं गप्प का झालं, म्हणून डोंगरानं ढग सारून एक डोळा उघडला. राणीनं त्याच्याकडे पाहिलं. मग कडेवरच्या पोराकडे पाहिलं. त्यानंही सकाळचा भाताचा घास गालात धरलेला! तस्सेच गाल! राणीला हसूच आलं. पोर ओरडून घास गिळत नाही, उपदेशानं तर नाहीच. त्याच्याशी बोलावं लागतं.

मग ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या कानावर शेळी चरतेय. गुदगुल्या नाही होत?"

"हूं," डोंगर म्हणाला. तोंड बंदच.

"आणि ढग पांघरून उकडत नाही?"

"हूं हूं."

"मला ना आजोबा, तुमच्यापुढं बोलायची फार भीती वाटते. तुम्हाला वाटते का हो कशाची?"

एवढं विचारून राणी थांबली. नुसती थांबली, बरं का! डोंगराला आजवर सगळे सांगून गेले होते. उत्तरासाठी कुणी थांबलं नव्हतं.

"वाटते गं पोरी," तो म्हणाला. "पाणी सोडलं, की तुम्ही वर्षभर इकडं फिरकत नाही..."

पण बोलायला तोंड उघडलं ना? धो धो नदी सुटली! राजगुरूंचं पागोटं वाहून गेलं, म्हशी नाचत पाण्यात शिरल्या. हसता हसता पोरानंही घास गिळला.

"मी येत जाईन रोज," राणी म्हणाली. आणि गेली हो! पोराला घेऊन रोज संध्याकाळी जायची. थोडं बोलायची, जास्त ऐकायची. डोंगरानं परत कधी गुळणी धरली नाही, आणि नगरावर गाड्या जुंपायची वेळ आली नाही.

तर पोरांनो, आवडली का गोष्ट? सांगा बघू. थांबलेय मी.

...निजली वाटतं. निजा, निजा.