पहिल्या मानाची पालखी शेवटी का येते

खडवी नदीच्या या काठावर, वरच्या उतारापाशी, हा काळा सपाट दगड आहे. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. दगडावर वाटीएवढे चार खळगे आहेत, ते हाताने कोरलेले नाहीत. आमच्या खोऱ्यात देवाची पालखी एकदा देवळातून उचलली की वाटेत कुठेही टेकवत नाहीत. फक्त वेळूशीच्या जननीची पालखी दसऱ्याला इथे टेकवतात. तिच्या चार पायांनी हे खळगे पडलेत.

खोऱ्यात नऊ गावं, नऊ देव, आणि नवांचे मान ठरलेले. दुसऱ्या मानाचा सातदऱ्याचा भैरोबा, तिसऱ्या मानाची वाघजाई, असं नवव्यापर्यंत. जननी पहिल्या मानाची. तरी पलीकडच्या माळावर सोनं लुटायला नऊ पालख्या जमतात तेव्हा ती सगळ्यांच्या शेवटी येते. बाहेरची माणसं दरवर्षी विचारतात, पहिली तर शेवटी कशी? त्यांना इथे बसवून सांगायचं काम आमच्या घरात माझ्या थोरल्या भावाचं, विलासदादाचं होतं. यंदा तो नाही, म्हणून मी सांगतो. माझी शाळा सातवीत सुटली. त्याच्यासारखं मला जमणार नाही.

असं सांगतात की फार पूर्वी या नऊ देवांना मानच नव्हते. माळावर पुढे कोणाची पालखी उभी राहायची यावरून दर दसऱ्याला डोकी फुटायची. मग परगण्यावर एक नवा सुभेदार आला. नव्या सुभेदाराने आधी मुलखातल्या देवांच्या पाया पडायचं, मग कामाला बसायचं, अशी तेव्हा रीत होती म्हणे. त्याने नऊ पाटलांना बोलावून विचारलं, आधी कोणाच्या देवळात जाऊ? नऊ पाटलांनी नऊ देवळं सांगितली. संध्याकाळपर्यंत भांडण मिटेना. तेव्हा सुभेदार उठला आणि म्हणाला, दसऱ्याला ज्याची पालखी माळावर आधी पोचेल त्या देवाला पहिला मान, मागून येईल त्याला दुसरा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून देईन. पुन्हा कोणी बदलायचं नाही.

वेळूशीत तेव्हा सुभाना आणि राणू असे दोघे भाऊ होते. जननीच्या पालखीची पुढची दांडी त्यांच्याकडे असायची, उजवीकडे थोरला सुभाना, डावीकडे धाकटा राणू. राणू तापट, बोलला की करून मोकळा होणारा. दसऱ्याच्या सकाळी त्याने सगळ्या गावासमोर देवीचा भंडारा उचलला, की माळ येईपर्यंत दांडीखालचा खांदा काढणार नाही.

सुभाना म्हणाला, "शपथ कशाला घेतलीस? आपण काय आज पहिल्यांदा नेतोय?"

"तू बैलाच्या मागून चालल्यासारखा चालतोस, म्हणून घेतली."

लोक हसले. सुभानाही हसला असं सांगतात.

पालखी निघाली. नदीजवळ आले तेव्हा दिसलं की सातदऱ्याचे लोक भैरोबाला घेऊन खालच्या उताराकडे वळलेत. तिकडे पाणी पसरट आणि उथळ, पण वाट लांबची. भैरोबाच्या मागून चालणाऱ्या एकाने ओरडून विचारलं, "काय वेळूशीकर, देवी जेवून निघाली का?"

राणूला ते लागलं. तो म्हणाला, "वरून जाऊ."

सुभाना म्हणाला, "पाणी गढूळ आहे. डोंगरात पाऊस झालाय. खालून जाऊ, दुसरा तर दुसरा."

"मग त्यांच्या मागे उभं राहून आरती बघायची का?" असं म्हणून राणू पाण्यात उतरला. दांडी एकच. पुढचा एक उतरला की बाकीच्या तिघांना उतरावंच लागतं.

अर्ध्यात पाणी कमरेला आलं. सुभानाचा पाय शेवाळावरून सरकला आणि खांद्यावरची दांडी सुटली. त्याने राणूकडे हात केला आणि म्हणाला, "राणू, हात दे."

राणूचा उजवा हात दांडीवर होता. हात द्यायचा तर वळावं लागणार, आणि वळलं की खांदा निघणार. मागचे दोघे ओरडले, "सोड रे दांडी, त्याला धर. आम्ही पेलतो." राणू म्हणाला, "भाऊ, दांडी धर." तेवढंच म्हणाला आणि समोर बघत राहिला. पुन्हा वळला तेव्हा पाणी होतं, सुभाना नव्हता.

इथे येऊन विलासदादा थोडा वेळ थांबायचा. मला वाटायचं, लोकांना धरून ठेवायला थांबतो. मी त्याला म्हणायचोही, नाटक करतोस.

तिघांनी पालखी पार नेली आणि ती माळावर पहिली पोचली. सुभेदाराने राणूच्या डोक्याला पागोटं बांधलं. मागून बायका आल्या, त्यांत या दोघांची आई होती. राणू तिला म्हणाला, "आई, पहिला मान आपल्याला मिळाला."

ती म्हणाली, "सुभाना कुठाय?"

राणूने पागोटं दाखवलं. तिने परत विचारलं, "सुभाना कुठाय?"

मग पालखी पुढच्या जागेवर न्यायला चौघे वाकले, तर ती उचलेना. आठजण लागले, तरी उचलेना. गुरवाने कौल लावला. देवीच्या अंगावर उजवी-डावी फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं. एकही फूल पडलं नाही. दिवसभर पालखी जागच्या जागी राहिली. शेवटी बाकीच्या आठ पालख्या आपापल्या गावी गेल्या, माळ रिकामा झाला, तेव्हा ती फुलासारखी हलकी उचलली गेली, असं सांगतात.

राणूने तीन दिवस नदी शोधली. काही सापडलं नाही. मग तो सुभेदाराकडे गेला, पागोटं पायाशी ठेवलं आणि म्हणाला, हा मान परत घ्या. सुभेदार म्हणाला, पत्रा कोरून झाला. मान तुझ्या गावाचा, तो तुला परत देता येणार नाही आणि मला घेता येणार नाही. तो कुठे उभं राहून घ्यायचा हे तेवढं तुमच्या देवीला विचारा.

पुढच्या दसऱ्याला राणूने दांडीला खांदा लावला नाही. तो आधीच येऊन या उतारावर छातीभर पाण्यात उभा राहिला, दोन्ही हात मोकळे ठेवून. वेळूशीची पालखी काठावर आली आणि खांदेकऱ्यांचे खांदे एकदम भरून आले. पालखी या दगडावर टेकवावी लागली, ती पुन्हा उठेना. तेवढ्यात सातदऱ्याचे लोक आले. राणूने त्यांच्या एकेका माणसाला हाताला धरून पार केलं. पार झाल्यावर विचारलं, "सगळे आले का?" ते म्हणाले, "सगळे आले." मग तिसऱ्या मानाचे आले, मग चौथ्या मानाचे. वेळूशीचे बाकीचे खांदेकरीही मोकळ्या हातांनी पाण्यात उतरले. आठ पालख्या पार झाल्या आणि जननीची पालखी दोघांनीसुद्धा उचलली. राणू मरेपर्यंत दरवर्षी त्या पाण्यात उभा राहिला. खांदा त्याने पुन्हा कधी दिला नाही.

आम्ही त्या राणूच्या घरातले. दादा बाहेरच्या लोकांना सांगायचा, की सुभाना खाली एका कोळ्याला जिवंत सापडला आणि तिकडेच राहिला. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खोटं कशाला सांगतोस?" तो चिडला नाही. म्हणाला, "धाकट्याला तेवढं तरी असू दे की रे."

आषाढात दोन दिवस तो छातीत चमकतंय म्हणत होता. मी म्हणालो, लावणी उरकू दे, मग दवाखान्यात जाऊ. एकच खाचर राहिलं होतं. ते लावून झालं.

म्हणून मी सांगतो त्यात सुभाना सापडत नाही.

आजही दसऱ्याला जननीची पालखी सगळ्यांच्या आधी इथे येते आणि या चार खळग्यांत टेकते. वेळूशीचे खांदेकरी मोकळ्या हातांनी पाण्यात उभे राहतात. आता पाणी गुडघ्याएवढंच असतं, लहान पोरंही एकटी पार होतील, तरी हात धरल्याशिवाय कोणी जात नाही. दर गावाला विचारतात, सगळे आले का. सातदऱ्याचे लोक ओळीने मोजून सांगतात, सगळे आले. त्यांच्यात एक म्हातारे आहेत, ते पार होताना दरवर्षी म्हणतात, देवी जेवून निघाली का, आणि त्याबद्दल देवीला हात जोडतात.

शेवटी आमची पालखी उचलते. ती पलीकडे लागली की आठही गावं काठावरून आम्हाला विचारतात, "सगळे आले का?"

या प्रश्नाला वेळूशीचं कोणी उत्तर देत नाही. आजवर दिलेलं नाही. आम्ही गप्प उभे राहतो, ते थोडा वेळ थांबतात, आणि मग ढोल वाजतो. पाण्यात राणूच्या जागेवर आमच्या घरातला थोरला उभा राहतो. यंदा तिथे मी उभा राहणार आहे. तुम्ही पार होताना माझा हात धरा.