केवढ्याला दिलात हा पाळणा?

फार फार मागे, इतकं मागे की तेव्हाची भांडणंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, खाडीकाठच्या एका गावात इस्राएली, म्हणजे यहुदी, तेल्यांची दहा-बारा घरं होती. शनिवारी त्यांचे घाणे बंद, बैल मोकळे, चुली थंड. म्हणून अख्खं गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं.

त्यांच्यातल्या मिलकाबाईला एकच नाद होता. भाव विचारायचा.

घ्यायचं काही नसायचं हं. घर भरलेलं होतं. पण शुक्रवारचा बाजार भरला की तिचे पाय घरात ठरायचे नाहीत. "हे सूप केवढ्याला? ती कोंबडी केवढ्याला? आणि खुराड्यासकट केवढ्याला?" एकदा तर ती होडीचा भाव करून आली होती. पोहायला येत नव्हतं तिला. तुम्हीआम्ही असलं काही करत नाही, म्हणा. आपण फक्त बघायला जातो.

बाजाराच्या टोकाला एक म्हातारा सुतार बसायचा. एका शुक्रवारी त्याच्यापुढे पाळणा दिसला. मिलकाबाई थांबलीच.

"केवढ्याला दिलात हा पाळणा, दादा?"

"दोन बुधले तेल द्या, वहिनी."

"दोन? ह्याला साधी घुंगरंसुद्धा नाहीत!"

पुढच्या शुक्रवारी पाळण्याला घुंगरं होती. मिलकाबाईने ती वाजवून पाहिली. "छान. पण रंग तांबडा हवा होता." त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाळणा तांबडा झाला. "दांडे जरा गोल असते ना, म्हणजे बाळाला टोचले नसते." सुताराने मान डोलावली.

चौथ्या शुक्रवारी दांडे गोल, गुळगुळीत. सुतार तिला बघून उभाच राहिला.

"न्या, वहिनी. जपून ठेवलाय तुमच्यासाठी. परवा पलीकडच्या गावचं जोडपं मागत होतं. मी म्हटलं, हा तेलीणवहिनींच्या नावचा आहे."

"अगंबाई! मी घेते असं कधी म्हटलं? माझा धाकटा मिशीला पीळ देतो आता! मी आपलं सहज विचारलं."

सुतार चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो पाळण्याकडे बघत राहिला.

"सहज," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी लाकडाची शेवटची होडी सुटते, वहिनी. मग पावसाळाभर दर्या बंद. होडीचा तांडेल तेलाच्या बदल्यात सागवान देतो. लाकूड नसलं तर माझे हात चार महिने रिकामे. पोट काही रिकामं राहायला तयार होत नाही."

त्या दिवशी मिलकाबाईला घास गिळेना. रविवारी ती प्रार्थनाघरात गेली. प्रार्थना सांगणारे म्हातारे हझान तिथे दिव्याच्या काचा पुसत बसले होते.

"बाबा, मी खोटं बोलले नाही. कुणाचं काही उचललं नाही. आपल्याला वर्ज्य म्हणून बिनखवल्याचा मासा कधी घरात येऊ दिला नाही. मग जेवण का जात नाही?"

तिने सगळं सांगितलं. हझानांनी काच खाली ठेवली.

"आपल्यात एक बारकासा नियम आहे, पोरी. घ्यायचं मनात नसेल तर भाव विचारू नये."

"असा नियम आहे?"

"आहे."

"नेमका माझ्यासाठी केल्यासारखा!"

"तुझ्याआधी पुष्कळ मिलकाबाया होऊन गेल्या."

नुसतं ऐकून घेणं तिला जमणारं नव्हतं. "पण बाबा, नुसतं विचारल्याने त्याचं झिजतं काय? आणि मला घ्यायचं नव्हतं, हे कोण ओळखणार होतं?"

"कुणीच नाही. मनातलं तुला ठाऊक आणि वरच्याला ठाऊक. म्हणून तर आपल्या ग्रंथात हा नियम सांगताना देवाची आठवण मुद्दाम करून दिलीय. वजन खोटं असलं तर बाजार पकडतो. हे कोण पकडणार?"

"मग काय करू? माफी मागू?"

"माग. पण कशाची मागायची ते आधी बघून ये. घटकाभर त्याच्या जागेवर बस."

शुक्रवार उजाडला. मिलकाबाई सुतारापाशी गेली आणि खाली मान घालून म्हणाली, "दादा, चुकलं माझं. तुम्ही तांडेलाला थांबवून या. तोवर मी पाळणा विकायला बसते."

सुतार होडीकडे गेला. मिलकाबाई पाळण्याशेजारी बसली. भरती चढत होती. दुपार कलली की होडी सुटणार, आणि दिवेलागणीच्या आत तिलाही घरी पोचून तिन्हीसांजेलाच सुरू होणाऱ्या शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावायचा होता.

एकाने विचारलं, "केवढ्याला?" ती सावरून बसली. तो निघून गेला. दुसऱ्याने विचारलं. तोही गेला. मग एक नवी नवरी आली. तिने घुंगरं वाजवली, दांड्यांवरून हात फिरवला, पाळणा हलवून बघितला, आतल्या बाळाकडे बघावं तशी हसली. मिलकाबाईने मनातल्या मनात पाळणा विकला, लाकूड आणलं, सुताराच्या चुलीवर भातही शिजवला.

"बघते हं," नवरी म्हणाली, आणि बांगडीवाल्याकडे गेली.

"मेली! घ्यायचा नव्हता तर हात कशाला लावलास?" मिलकाबाई पुटपुटली.

आणि तिचे कान तापले. तिला एका दुपारचं एवढं लागलं होतं. सुतार चार शुक्रवार बसला होता.

ती उठली, बांगडीवाल्याला पाळण्याकडे बघायला सांगितलं आणि धावतच घरी गेली. नवरा घाण्यापाशी होता.

"दोन बुधले काढा! पाळणा घ्यायचाय."

"कुणासाठी?" नवऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काही सांगायचं राहिलंय का तुझं?"

"इश्श! कांद्यांसाठी. उचला लवकर!"

तेल धक्क्यावर पोचलं तेव्हा होडीचा दोर सुटत होता. मिलकाबाईने बुधले सुताराच्या हाती दिले. "दादा, माफ केलंत ना?"

"आधी होडी गाठू द्या!" सुतार ओरडला आणि धावला.

सागवान उतरलं. परतताना तिच्यासमोर उभा राहून, दम खात तो म्हणाला, "केलं."

तेल्याच्या घरात त्या दिवसापासून कांदे झोके घेऊ लागले.

पुढचे दोन बाजार मिलकाबाई तोंड मिटून हिंडली. पोटात दुखेल की काय असं झालं तिला. तिसऱ्या शुक्रवारी कुंभारापुढे उभी राहून ती म्हणाली, "दादा, घ्यायचं नाहीये हं. पण बघू का?"

कुंभाराने डोळे वर केले. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो हसला आणि सरकून बसला. मडकं टिचकी मारून कसं ऐकायचं, कच्चं कुठलं, भाजलेलं कुठलं, सगळं त्याने सांगितलं. नुसते भाव विचारून तिला इतक्या वर्षांत ह्यातलं काहीच कळलं नव्हतं.

आणि त्या पावसाळ्यात ती सुताराच्या ओटीवर जाऊन बसायची. हे लाकूड कापताना का रडतं? तो रंधा उलटा का धरलात? सुतार सगळं सांगायचा. एक भाव तेवढा सांगायचा नाही.

घ्यायचं मनात नसेल तर तसं आधी सांगावं. आपली घडीभराची गंमत समोरच्याची आशा असू शकते.