कवाड नसलेली चौकट

सावरदऱ्याच्या टेकडीवर ख्रिस्ती मंडळीचे दगडी प्रार्थनामंदिर आहे. त्याला सागवानी चौकट आहे, कोयंडा आहे, पण कवाड नाही. पाहुणे आधी तिथेच अडखळतात. कुणी म्हणते चोरीला गेले असेल, कुणी म्हणते वाळवी लागली असेल. इथली घंटा वाजवणारे रूबेनबाबा साळवे सगळ्यांचे तर्क ऐकून घेतात आणि मग पायरीवर बसकण मारून हौसाबाईची गोष्ट सांगतात. मध्येच कुणी घड्याळ पाहिलेले त्यांना खपत नाही.

छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी १८९९ सालच्या, दुष्काळाच्याही आधीची ही गोष्ट, असे सांगतात. तेव्हा सावरदऱ्यात ख्रिस्ती घरे मोजकीच होती. हौसाबाई त्यांतलीच. नवरा वारलेला, तोंडाने फटकळ, आणि प्रार्थनेला बसली की कुणाला आवरायची नाही. तिचा धाकटा भाऊ धोंडू खिंडीपलीकडच्या बोरतळ्यात राहायचा. त्याने आणि त्याच्या बायकोने, सगुणाने, बाप्तिस्मा घेतला आणि गाव बिथरले. आधी त्यांचे पाणी बंद झाले, मग दळण, मग विस्तव. तरी ती दोघे बधेनात, तेव्हा एका सकाळी त्यांचे छप्पर पेटवून दिले. ही बातमी आणणाऱ्या धनगराला पुढचे काहीच ठाऊक नव्हते. ती दोघे जगली की जळाली, हेही तो सांगू शकला नाही.

हौसाबाई तशीच धावत प्रार्थनामंदिरात आली. रामजी उपदेशकांनी मंडळी गोळा केली. बोरतळ्याच्या लोकांनी हे मंदिरही जाळण्याची धमकी दिली होती, म्हणून आतून भक्कम अडसर घातला आणि सगळ्यांनी गुडघे टेकले. हौसाबाई प्रार्थना करू लागली.

"देवा, माझ्या भावाला समदी दारं बंद झाली. येक तरी उगड, बापा!"

ती रडत होती आणि भांडतही होती. देवाशी भांडायला ती कधी लाजली नाही, हे सांगताना बाबांचा चेहरा खुलतो.

तेवढ्यात दारावर थाप पडली. सगळ्यांना वाटले, आले जाळणारे! रामजींनी हाताने खूण केली, तशी मंडळी आणखी मोठ्याने देवाचा धावा करू लागली. पुन्हा थाप पडली, पहिलीपेक्षा हळू. मग बाहेर कुणाला तरी खोकल्याची उबळ आली. हौसाबाई बोलता बोलता मध्येच थांबली आणि उठली.

"उगडू नगंस, हौसा," रामजी म्हणाले. "तेच असतील."

"अवं, त्यो खोकला माझ्या धोंडूचा हाय. ल्हानपणापासनं काढा पाजलाय म्या त्याला!"

तिने अडसर काढला. पायरीवर धोंडू उभा होता. सगुणाचे पाय भाजले होते. तिला पाठुंगळीला घेऊन त्याने खिंड ओलांडली होती.

"हाक का न्हाई मारलीस रं, मुडद्या?"

"तुमी आमच्यासाठीच मागत व्हता, अक्का. मदीच कसं बोलायचं?"

हौसाबाईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. देवाला दार उघडायला सांगत होतो आणि अडसर आपणच घालून बसलो होतो, हे तिच्या जिव्हारी लागले. सगुणाला तर हात लावला तरी कळा येत होत्या. तेव्हा हौसाबाईच्या सांगण्यावरून पुरुषांनी ते कवाडच खोबणीतून उचलून काढले, त्यावर सगुणाला निजवले आणि आत आणून ठेवले.

इतक्यात खिंडीत धुरळा दिसला. बोरतळ्याची माणसे कुऱ्हाडी घेऊन माग काढत येत होती. कवाड परत बसवा, असा एकच गिल्ला झाला.

"तिला आता हलवायची न्हाई," हौसाबाई म्हणाली आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन बसली. तिच्यामागे रामजी बसले. मग एकेक करत सगळी मंडळी दाराकडे तोंड करून बसली.

ती माणसे दार फोडायला आली होती, आणि फोडायला दारच नव्हते. त्यांचा म्होरक्या पायरीपाशी घुटमळला. हौसाबाई त्याला म्हणाली, "लांबनं आलायसा. पानी घ्या." पाणी कुणी घेतले नाही, पण पायरीही कुणी चढले नाही. आली तशी ती माणसे माघारी गेली. दारात अग्नीची तलवार घेऊन देवदूत उभा होता, असेही काही जण सांगतात. बाबा त्यांना नाही म्हणत नाहीत. "असंल की. पर उंबऱ्यावर बसल्याली हौसाबाईच व्हती," एवढे मात्र बजावतात.

सगुणा त्याच कवाडावर पडून बरी झाली. ते पुन्हा चौकटीत बसवू म्हणणाऱ्यांना हौसाबाईने उभ्या जन्मात दाद दिली नाही. पुढे ती अंथरुणाला खिळली, तेव्हा रामजी तिच्या उशाशी बसून म्हणाले, "हौसा, त्या दिवशीची प्रार्थना तशीच अर्धी ऱ्हायली. आता तरी आमेन म्हन."

ती म्हणाली, "आदी भायेर बगून या, कुनी हाय का."

जगात जिथे कुठे विश्वासापायी ख्रिस्ती माणसांचा छळ होतो, त्यांच्यासाठी आजही इथे दर महिन्याला प्रार्थना होते. मंडळी दाराकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून बसते. शेवट जवळ आला की रूबेनबाबा उठतात, पायरीपर्यंत जातात आणि खिंडीची वाट नीट न्याहाळून येतात. आमेन कुणी म्हणत नाही.