टाचेवरचा फोड

"उद्या मला नेणार की नाही, तेवढं सांगा!"

हर्षल ओरडलाच. जंगलखात्यातला नवा पोरगा, नोकरीला अजून महिना नाही झाला. चौकीच्या ओट्यावर बसून त्यानं उजवा बूट ओढून काढला आणि अंगणात भिरकावला. मोजा रक्तानं माखला होता. टाचेवरचा फोड फुटून कातडी लोंबत होती.

सोनाजीबाबा शेजारीच बसले होते. ते आमचे जुने वाटाडे. गस्तीला कोण जाणार ते बाबाच ठरवतील, असं साहेबांनी सांगून ठेवलेलं. मी चुलीवर चहा टाकला होता, तिकडं ते बघत राहिले.

"शिकाऱ्यांनी फासे लावल्याची खबर मी आणली. आणि मीच घरी बसू? बूटच भिकार आहेत!"

"माझेही तेच आहेत," बाबा म्हणाले. "टाचेला गरम कुठं लागायला लागलं?"

"पहिल्या नाल्यापाशी."

"तिथं मी बसलो. बूट काढले, पाय पुसले, टाचेला एरंडेल चोळलं, कोरडे मोजे चढवले. तुलाही म्हटलं, बस. काय म्हणालास?"

हर्षलनं मान खाली घातली. मग आणखीच भडकला.

"म्हटलं, म्हाताऱ्यांनी पाय कुरवाळत बसावं! सगळे हसले. मग मी कसा बसणार होतो?"

"तसाच चाललास."

"चाललो! दोन कोस चाललो! थांबलो नाही!"

बाबांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता.

"आणि मग चौघांनी तुला उचलून आणलं. गस्त परत फिरली. फासे तिथंच आहेत, हर्षल. रात्री त्यात काय अडकेल, ते उद्या बघू."

मी चहा गाळला, तसे अंगणातले बाकीचे गस्तवाले जवळ सरकले. बाबांनी माझ्यापुढचा स्टीलचा पेला फडक्यानं उचलला आणि हर्षलच्या हातात दिला.

हर्षलनं तो झटकन खाली ठेवला. निम्मा चहा ओट्यावर सांडला.

"चटका बसतो ना, बाबा!"

"लगेच ठेवलास?"

"मग काय, हात भाजून घेऊ?"

"आम्ही सगळे बघत होतो की. कुणी हसेल, असं नाही वाटलं?"

बाबा उठले. अंगणातला बूट उचलून आणला, झटकला, हर्षलच्या शेजारी ठेवला.

"हात शहाणा आहे तुझा. उद्या त्याला पाठव, तू घरी बस."