वेणूची साक्ष

खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट. एका राज्यात वेणू नावाची बाई राहत होती. तान्हेपणीच्या तापात तिचे डोळे गेले आणि कानही गेले. पण भिवरा नावाच्या शेजारणीने तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं गिरवून तिला शिकवलं. वेणू भिवराच्या हातावर लिही आणि भिवरा ते मोठ्याने वाची. असं करत करत वेणू इतकी शहाणी झाली, की भलेभले पंडित तिच्यापुढे अडखळत.

राजाला तिचं भारी कौतुक. दर दसऱ्याला तो तिला दरबारात बोलावी, शाल देई आणि पाहुण्यांना सांगे, की हिच्याइतकं आम्हा डोळसांनाही दिसत नाही. मग वेणूने आभार मानायचे, पाहुण्यांनी डोळे टिपायचे, की झाला दसरा साजरा.

एका वर्षी दसरा चार दिवसांवर आला असताना तीन बायका चाचपडत वेणूच्या दारी आल्या. त्या चुन्याच्या भट्टीवर राबायच्या. दसऱ्याला राजवाड्याच्या भिंतींना ताजा चुना द्यायची तिथली रीत होती. भाजलेल्या चुनखडीवर पाणी ओतलं की ती खदखदते आणि अंगावर उडते. उघड्या खड्ड्यावर वाकून ती ढवळताना या तिघींचे डोळे गेले होते.

भिवराने त्यांची हकीकत हातावर लिहिली, तेव्हा वेणूने एकेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. पापण्या जळून चिकटल्या होत्या. तिचा संताप संताप झाला. अजून चाळीस बायका त्या खड्ड्यांवर वाकत होत्या आणि त्यांचे डोळे अजून शाबूत होते.

तिघी न्याय मागायला गेल्या नव्हत्या असं नाही. पण त्या राज्याचा कायदा मोठा नामी होता. साक्ष डोळसाचीच धरायची, आंधळ्याची नाही. म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांचे डोळे गेले, आणि डोळे गेले म्हणून त्यांनी काही पाहिलंच नाही. याला म्हणतात शहाण्यांचा कारभार.

दसऱ्याला वेणू दरबारात गेली, पण तिने शाल घेतली नाही. तिने भट्टीची सगळी हकीकत सांगितली.

प्रधान हसला, कारण भट्टी त्याची होती. बिचारीचे कुणीतरी कान भरलेत, असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून तो म्हणाला, की बिचारीला कुणीतरी भलतंच शिकवलंय. जिला दिसत नाही, ऐकू येत नाही, तिला भट्टीतलं काय कळणार? कालपर्यंत राज्यात सर्वांत शहाणी असलेली वेणू एका क्षणात बिचारी झाली.

भिवराने हे बोलणं तिच्या हातावर लिहिलं. वेणूने मान ताठ केली. ती लिहू लागली आणि भिवरा वाचू लागली.

"महाराजांचे आभार मानत होते तेव्हाही मी आंधळीच होते. तेव्हा कुणी साक्षीदार मागितला नाही. आज मागताय, तर डोळस साक्षीदार घ्या. प्रधानजींनी उद्या खड्ड्यावर वाकून घमेलंभर चुना ढवळावा आणि काय दिसलं ते इथे येऊन सांगावं."

राजाला हे वाजवी वाटलं. त्याने प्रधानाला पहाटेच निघायला सांगितलं.

"महाराज, माझे डोळे जातील," प्रधान बोलून गेला.

शब्द परत घ्यायला आता उशीर झाला होता. धडधाकट डोळ्यांच्या माणसाने भर दरबारात साक्ष दिली होती. राजाची मान खाली गेली. भट्टी त्याच दिवशी बंद झाली. खड्ड्यांवर झाकणं बसली आणि ढवळायला लांब दांडे आले, तेव्हाच ती पुन्हा पेटली. तिघींना प्रधानाच्या कोठारातून जन्मभर धान्य मिळालं आणि तो नामी कायदा कायमचा रद्द झाला.

आता तरी मनासारखं झालं ना, असं राजाने वेणूला विचारलं.

"या भट्टीचं झालं," तिने लिहिलं. "राज्यात अशा आणखी किती आहेत?"

राजाला आकडा माहीत नव्हता. तेव्हा भिवराचा हात धरून ती स्वतःच मोजायला निघाली.

लहानथोरांनो, मनात ठेवायचं ते इतकंच: आपली स्तुती करताना जो शहाणा वाटतो, तो गाऱ्हाणं मांडू लागला की त्याला आंधळा म्हणू नये, आपलेच डोळे उघडावेत.