पेंढ्याच्या चाकांचा याकूत

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि घाटाचा रस्ता तांबड्या मातीचा होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. खाडीच्या अलीकडे सिद्दीपाडा होता, तिथं याकूत नावाचा एक पोरगा राहायचा. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून गलबतांवर आले होते. रंग काळाभोर, केस कुरळे, आणि पाय असे की एका जागी ठरतच नसत. जेवायला बसला तरी टाच हलायची. झोपेत तो पायडल मारायचा आणि सकाळी त्याची गोधडी उंबऱ्यापाशी सापडायची, असं म्हणतात.

"अरे, पाय आवर," त्याची अम्मा म्हणायची. "जमीन काय पळून चालली आहे?"

"जमीन नाही अम्मा, मासळी," तो म्हणायचा.

कारण त्याचं कामच तसं होतं. पहाटे खाडीवर होड्या लागायच्या. ओल्या मासळीची टोपली सायकलला बांधून याकूत होडीनं खाडी ओलांडायचा, सावरघाट चढायचा आणि ऊन तापायच्या आत वरच्या गावांत मासळी पोचवायचा. त्या खडीत ट्यूब टिकत नसे आणि पाड्यावर पंक्चर काढणारा कुणी नव्हता. म्हणून पाड्यातले लोक टायरमध्ये भाताचा पेंढा ठासून भरायचे. सायकल जड व्हायची, पण अडायची नाही.

खाडीपलीकडच्या बंदरपेठेत दर वर्षी सायकलींची शर्यत व्हायची. पेठेतून निघायचं, घाट चढायचा, माथ्यावरच्या वडाला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. जिंकणाऱ्याचं आणि त्याच्या गावाचं नाव ढोल वाजवून पुकारायचे. ढोल खाडीपार ऐकू यायचा, पण सिद्दीपाड्याचं नाव त्यात कधी आलं नव्हतं. हबशांनी शर्यतीत उतरायचं नाही, असा शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा रिवाजच होता.

एका वर्षी याकूत टोपली घरी ठेवून शर्यतीच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

"अरे, कोळशाची वखार पलीकडे आहे!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब पुढे आले. हाकलावं तर गर्दी जमलेली. त्यांनी मिशीवर हात फिरवला. "धावायचं तर धाव. पण सगळे सुटले, त्यांची धूळ खाली बसली, की मग तू सुटायचं. आणि हरलास तर तुझ्या पाड्यातल्या कुणीही पुन्हा या दोरीला हात लावायचा नाही. कबूल?"

याकूतनं दोरीकडे पाहिलं. हरला असता तर एकटा हरला नसता, पाड्यातली अजून न जन्मलेली पोरंही हरली असती. पण पाय थरथरत होते, आणि ते भीतीनं नव्हे.

"कबूल," तो म्हणाला.

शर्यत सुटली. सगळ्यांत पुढे अण्णासाहेबांचा भाचा विश्वासराव, नव्या कोऱ्या सायकलीवर. धूळ खाली बसेपर्यंत याकूत जागच्या जागी नाचत राहिला. त्याच्या टाचांनी तिथं जो खळगा पडला, त्यात पुढे बदकं पोहायची, असं म्हणतात.

विश्वासरावाच्या दोस्तांना तेवढ्यावर चैन पडेना. घाटाच्या पायथ्याशी बाकी सगळे पुढे गेल्यावर त्यांनी खिशातून बारीक खिळे काढले आणि आपल्या मागे रस्ताभर फेकून दिले. "ये म्हणावं आता," म्हणत ते हसत घाट चढू लागले. आपल्यालाही याच रस्त्यानं परत यायचं आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

याकूत आला. चाकाखाली कर्रर्र वाजलं. खिळे पेंढ्यात रुतले आणि चाक फिरत राहिलं. मग चढ लागला. तो तर त्याचा रोजचा, आणि आज टोपलीचं ओझंही नव्हतं. एकेकाला मागे टाकत तो असा चढला की त्याची सावलीच दोन वळणं मागे राहिली, असं म्हणतात.

माथ्यावर मंडळाचा माणूस सगळ्यांना पाणी देत होता. याकूतनं ओंजळ पुढे केली. त्या माणसानं कळशी त्याच्यासमोर मातीत उपडी केली.

वडाखाली बायजा नावाची ठाकर म्हातारी मोळी टेकवून बसली होती. ती उठली आणि तिनं आपला पाण्याचा तुंबा याकूतच्या ओंजळीत रिता केला.

"आजी, तुला राहिलं नाही," याकूत म्हणाला.

"मला झरा ठाऊक आहे. पी तू. पुढच्याला पाणी द्यायला सगळं गाव उभं असतं रे. मागच्याला कोण देतं?"

मग उतार लागला. विश्वासराव अजून पुढेच होता, वाऱ्यासारखा, आणि याकूत पाणी पीत होता तेवढ्यात आणखी काही जण पुढे निघून गेले होते. पायथा आला आणि फुस्स आवाज झाला. मग आणखी एक फुस्स, मग आणखी. चुलीवर दूध उतू जावं तसा घाटाचा पायथा फुसफुसला. आडव्या पडलेल्या सायकलींमधून याकूत कर्रर्र करत निघून गेला आणि त्यानं पेठेतली दोरी तोडली.

अण्णासाहेबांनी त्याचं चाक दाबून पाहिलं. "यात हवाच नाही. ही सायकल धरता येणार नाही."

"साहेब, हवा भरली असती तर मी घाटाखालीच बसलो असतो," याकूत म्हणाला. "आधी खिळ्यांचं विचारा, मग हवेचं बोलू."

तेवढ्यात विश्वासराव सायकल खांद्यावर घेऊन लंगडत आला. त्यानं टायर मामांसमोर धरला. "मामा, खिळे आपलेच आहेत," तो मान खाली घालून म्हणाला. "वाजवू द्या ढोल."

ढोल वाजला. "याकूत, सिद्दीपाडा!" खाडीपार अम्मानं ते ऐकलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

हार घालायला मात्र याकूत सापडला नाही. त्याचे पाय थांबलेच नव्हते. तो खाडीकडे गेला, तिथून किनाऱ्यानं पुढे गेला. काही म्हणतात, तो रात्री घरी येऊन जेवला. काही म्हणतात, तो अजून फिरतोच आहे, आणि निजल्या वेळी घाटातून कर्रर्र असा आवाज येतो तो त्याचाच.

आता खाडीवर पूल आहे आणि घाट डांबरी आहे. शर्यत अजून होते, पाड्यातली पोरं तिच्यात धावतात. माथ्यावर ठाकरवाडीच्या आणि सिद्दीपाड्याच्या बाया भरल्या कळश्या घेऊन उभ्या असतात. पहिला येतो, घशाला कोरड पडलेली असते, तो हात पुढे करतो. बाया कळशी हलवत नाहीत.

"थांब बाबा," त्या म्हणतात. "याकूतचं पाणी आहे. मागचा येऊ दे."